पोपटीचं दुखणं

पोपटीने डोळा मिटला तो खालून वर. माणसाची पापणी वरून खाली येते. हिची खालची पापणी, दुधावर साय धरावी तशी, सावकाश वर चढली, क्षणभर थांबली आणि पुन्हा खाली उतरली. सोमवारची सकाळ, दहा वाजत आले होते, मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली लख्ख ऊन पडलं होतं, आणि अशा भर उजेडात कोंबडी एका जागी उभी राहून डोळे मिटत होती. यज्ञेश्वर तांदळाच्या कण्यांची वाटी हातात धरून पायरीवर तसाच थांबला. त्याला आधी भीती वाटली नाही, आधी वाटली ती शरम. आठ वर्षं ही कोंबडी आपल्या अंगणात वावरते आहे, आणि तिची पापणी खालून वर मिटते हे आपण आज पाहतो आहोत. मग आठ वर्षं आपण काय पाहत होतो? त्याने वाटीवर चमचा वाजवला. एरवी हा आवाज झाला की ती लुगड्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धावणाऱ्या बाईसारखी झुलत झुलत यायची. आज तिने एक डोळा उघडला, वाटीकडे पाहिलं, आणि ओळख असूनही बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाप्रमाणे तो पुन्हा मिटला. पिसं फुगलेली होती, शेपूट खाली गेली होती. तेव्हा भीती आली.

भीती नुसत्या कोंबडीची असती तर त्याने ती सोसली असती. कोंबड्या मरतात. ही तर मुळात चार दिवसांतच मरायची होती. तनया, त्याची नात, दहा वर्षांची असताना शाळेबाहेरच्या एका माणसाकडून रंगवलेलं पिल्लू घेऊन आली. खोक्यात गुलाबी, निळी, पोपटी अशी गच्च भरलेली पिल्लं, त्यातलं हे पोपटी. तिच्या बापाने, सलिलने, वाघोलीच्या अकराव्या मजल्यावर ते ठेवून घेतलं नाही. 'चार दिवस आजी-आजोबांकडे राहू दे, तसंही जगत नाही ते,' म्हणून पिल्लू सहकारनगरच्या या तळमजल्यावर आलं. तीन आठवड्यांत रंग उतरला, खालून साधी तपकिरी कोंबडी निघाली, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. तनया शिकायला जर्मनीला गेली. पोपटी राहिली. आणि गेल्या महिन्यात सलिल आई-बाबांना वाघोलीला न्यायचा विषय काढून बसला असताना यज्ञेश्वरची बायको सुहासिनी त्याला म्हणाली होती, "अकराव्या मजल्यावर राहायला मी काय कबुतर आहे? आणि यांच्या भरवशावर म्हणजे काय रे? यांनी एक कोंबडी आठ वर्षं जगवली. मला नाही का जगवणार?" सलिल हसला होता. हसला म्हणजे विषय महिनाभर पुढे गेला. यज्ञेश्वर मात्र हसू शकला नव्हता. आपल्या बाजूने मांडलेला हा एवढा एकच पुरावा, आणि तो पेरूखाली माती उकरत होता, हे त्याला तेव्हापासून टोचत राहिलं होतं.

'यांच्या भरवशावर' या दोन शब्दांमागे एक दुपार होती. चौदा महिन्यांपूर्वीची, एकादशीची. सुहासिनी उपासाची भगर आणि दाण्याची आमटी खाऊन उठली आणि म्हणाली, छातीत जळजळतंय हो. यज्ञेश्वरने पुस्तक काढलं. चौतीस वर्षं तो एका संदर्भकोशाच्या कचेरीत होता. कोणत्याही विषयावर दीडशे शब्द नेटके लिहून देणारा माणूस अशी त्याची ख्याती होती, आणि कशातलंच काही त्याला हाताने करता येत नसे, हेही सर्वांना ठाऊक होतं. त्याने आम्लपित्ताविषयी वाचलं. दाण्याचं कूट, एकादशी, जेवून लगेच आडवं होणं, सगळं बरोबर बसत होतं. त्याने तिला थंड दूध दिलं, डाव्या कुशीवर निजवलं, पायथ्याशी खुर्ची घेऊन बसला, आणि आपण आज उपयोगी पडलो या समाधानात पुढचं पान उलटलं. तिला घाम येत होता, पण उन्हाळा होता. हात दुखतो म्हणाली, पण ती त्याच कुशीवर निजली होती. दोन ते सहा. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सलिलच्या देखत विचारलं, चार तास काय करत होतात? आणि खोटं न सुचल्यामुळे तो म्हणाला, "वाचत होतो." सुहासिनी वाचली. हृदय अर्धं-पाऊण राहिलं. पण 'वाचत होतो' हे दोन शब्द यज्ञेश्वरला नंतर कित्येकदा ऐकू आले, आंघोळ करताना, दूध तापवताना, अगदी स्वतःच्याच आवाजात.

आणि तरीही सोमवारी त्याने पुस्तकच काढलं. दुसरं काय काढणार? कुक्कुटपालनावरची एक जुनी पुस्तिका कपाटात होती, शिवाय तनयाचा टॅब होता. दीड तासात निदान झालं. अंडं अडकलं आहे. शेपूट खाली, पिसं फुगलेली, चालणं मंद, अन्नावर वासना नाही, मधूनच मान ताणणं. चार लक्षणं जुळत होती. पाचवं नीट जुळत नव्हतं, सहावं अजिबात नव्हतं, पण कोशाच्या कामात त्याला एक सवय लागली होती, बहुतेक साधनं एकच सांगत असतील तर उरलेलं तळटीपेत टाकायचं. तो उठला तोवर द्वारका आली होती. द्वारका वीस वर्षं त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येत होती. घरात कोणी अंडं खात नसल्याने पोपटीची अंडी पदरात बांधून तीच घेऊन जायची. ती पेरूखाली उकिडवी बसून कोंबडीच्या गळ्याखाली बोटं फिरवत होती.

"काका, ही झिंगतीय."

"झिंगत नाही द्वारकाबाई. अंडं अडकलंय तिचं."

"अंडं?" द्वारकेने वर पाहिलं. "आन् ह्ये काय मग? हितं बघा, गळ्यापाशी. मळलेल्या कणकंचा गोळा हाय जसा."

"ते खाणं असतं. तिथे साठवतात त्या."

"सकाळपास्नं तोंड लावलं न्हाई म्हनताय. मग साठलं काय, वारा?"

"पुस्तकात दिलंय तसं," तो म्हणाला.

"मग ऱ्हाऊ द्या. त्याला कळत आसंल." ती लुगडं झटकून उठली. "पर काका, अंड्याचं म्हनाल तर हिला—"

पण अंडं कुठून येतं, कसं अडकतं, तिथे काय लावायचं, या विषयावर बाईमाणसाशी बोलायचं म्हणजे यज्ञेश्वरचे कान तापत. तो घाईने आत गेला आणि पाणी तापवायला ठेवलं.

कोमट पाण्याच्या टबात कोंबडीला वीस मिनिटं बसवायचं होतं. पाणी किती कोमट हे त्याने कोपर बुडवून पाहिलं, मग मनगट, मग पुन्हा कोपर. पोपटीला उचलताना ती इतकी हलकी लागली की त्याचा हात दचकला. ती पाण्यात मुकाट बसली. तिची नखं त्याच्या तळहाताला लागत होती, आणि ओल्या पिसांखालून तिचं अंग गरम होतं, त्याच्यापेक्षा, कोणाही माणसापेक्षा गरम. हे पुस्तकात होतं, पण हाताला ते असं लागेल असं कुठे लिहिलं नव्हतं. सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून मेथी निवडत होती. "मूर्तीला अभिषेक चाललाय जणू," ती म्हणाली. मग त्याने तिची कॅल्शियमची गोळी खलात कुटायला घेतली तेव्हा म्हणाली, "माझ्या गोळ्या तिला? बरं. तिच्या कण्या मला देत चला म्हणजे हिशेब सारखा." त्याने हसून मान हलवली. बोलता बोलता ती मध्येच थांबून श्वास घेत होती का? घेत होती बहुधा, पण ती नेहमीच घेते, चौदा महिने घेते आहे. त्याला एकदम वाटलं की विचारावं, तुला काही होतंय का? हा प्रश्न चौदा महिने त्याच्या जिभेवर होता आणि एकदाही बाहेर पडला नव्हता. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? हो म्हणाली तर पुढचं आपल्याला करावं लागेल, आणि आपण करू ते चुकीचं असेल. त्यापेक्षा कोंबडी बरी. कोंबडीला विचारायचंच नसतं.

मंगळवारी पोपटी बसली ती उठेना. तुरा जांभळट पडला. चोचीजवळ वाकल्यावर आंबलेल्या पिठाचा वास आला. यज्ञेश्वरने पुन्हा टब भरला, पुन्हा गोळी कुटली, आणि टॅबवर तेच पान पुन्हा वाचलं, जणू काल वाचताना एखादी ओळ सुटली असावी. एरंडेलाचं बोट लावायला सांगितलं होतं, तेही त्याने लावलं, डोळे जवळजवळ मिटून. अंडं आलं नाही. त्याला आपल्या सगळ्या आयुष्याविषयी शंका येऊ लागली, जशी ती त्याला दर काही दिवसांनी येतच असे. कचेरीत लिहिलेल्या शेकडो नोंदी आठवल्या, शेती, धातू, रोग, पक्षी, नद्या. त्यांतली एक तरी गोष्ट त्याने हातात घेऊन पाहिली होती का? खडकवासल्यावर चार ओळी लिहिल्या तेव्हाही धरणाची उंची त्याने अहवालातून घेतली होती, आणि पुढच्याच रविवारी तिथे सहलीला जाऊन भिंतीकडे पाठ करून कणीस खाल्लं होतं. संध्याकाळी सलिलचा फोन आला.

"बाबा, सगळं ठीक?"

"ठीक."

"आई?"

"ठीक आहे. मेथी निवडते आहे."

"आत्ता? सात वाजता?"

"म्हणजे सकाळी निवडत होती. काल सकाळी."

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"आम्ही सगळे ठीक आहोत," यज्ञेश्वर म्हणाला. त्या 'सगळे'मध्ये पोपटी होती, आणि हे खोटं नेमकं कोणाविषयी बोललो हे त्याचं त्यालाच धड कळलं नाही.

बुधवारी सकाळी सुहासिनीने त्याच्यासमोरचं पुस्तक मिटलं. चष्मा पानांत अडकला तसाच मिटलं. "वारज्याला एक डॉक्टरीण आहे, पक्षी बघते. दहा वाजता जायचंय. तुम्ही विचारणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच फोन केला. द्वारका थांबेल माझ्याजवळ तुम्ही येईपर्यंत." त्याने भाजीची वेताची टोपली घेतली, तळाशी जुना पंचा घातला, पोपटीला त्यात ठेवून वरून फडकं बांधलं. रिक्षावाल्याने आरशातून टोपलीकडे पाहिलं, फडक्याच्या फटीतून आलेल्या पिसाकडे पाहिलं, आणि खुशीत येऊन म्हणाला, "आज बुधवार! बेत जोरात दिसतोय, काका." यज्ञेश्वरला सांगायचं होतं की ही आजारी आहे, हिला डॉक्टरकडे नेतो आहे, हिचं नाव पोपटी. पण एवढं सगळं सांगायचं, मग तो हसणार, मग आणखी विचारणार. "हो," तो म्हणाला. मग दांडेकर पुलापासून वारज्यापर्यंत तो मांडीवरच्या टोपलीत एक बोट घालून बसला, आणि टोपलीतल्या जिवाने आपलं ते 'हो' ऐकलं असणार असा वेड्यासारखा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. साऱ्या आयुष्यात आपण असंच केलं आहे. समजावून सांगायला लागू नये म्हणून हो म्हटलं आहे.

दवाखान्यात सगळी कुत्री होती. एका लॅब्राडॉरने टोपलीचा दीर्घ वास घेतला आणि यज्ञेश्वरकडे सहानुभूतीने पाहिलं. डॉक्टर अवनी तिशीची असेल, केस वर बांधलेले, बाहीवर कोणाचे तरी केस चिकटलेले. तिने पोपटीला टेबलावर घेतलं, पंचा सरकवला, आणि यज्ञेश्वर घसा साफ करून म्हणाला, "अंडं अडकलं आहे. सोमवारपासून. मी उष्ण स्नान आणि—"

"एक मिनिट काका. तुम्हाला काय वाटतं ते नंतर. काय दिसलं ते सांगा."

सोपा प्रश्न होता, आणि तो अडला. जे वाक्य मनात येई ते निष्कर्षच असे. भूक मंदावली, असं तो म्हणणार होता, पण ते दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते एवढंच की चमचा वाजला आणि ती आली नाही. "तिने डोळा मिटला," तो शेवटी म्हणाला. "उन्हात. खालून वर." आणि आपण बावळट दिसतो आहोत असं त्याला वाटलं. पण अवनीने मान हलवली आणि म्हणाली, "गुड. अजून?" तो सांगत गेला. तुऱ्याचा रंग. आंबलेला वास. उचलली तेव्हा हलकी लागली.

"शेवटचं अंडं कधी दिलं हिने?"

घरातल्या कोंबडीने अंडं कधी दिलं, हे त्याला माहीत नव्हतं. अंडं घरात येतच नसे. ते अंगणातूनच परस्पर जायचं, आणि त्याविषयी बोलायची पद्धत नव्हती. त्याने घरी फोन लावून द्वारकेला मागितलं.

"अंडं? दोन वर्सं झाली की काका बंद होऊन," द्वारका म्हणाली. "त्येच सांगत हुते सोमवारी. तर तुमी आत गेला."

अवनीला फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. ती हसली नाही, याबद्दल यज्ञेश्वरने मनोमन आभार मानले. तिने पोपटीच्या गळ्याखाली तीन बोटं ठेवली, दाबली, मग त्याचा हात धरून त्याची बोटं तिथे ठेवली. "बघा. क्रॉप. गिळलेलं आधी इथे येतं, मग खाली सरकतं. हिचं इथेच अडकलंय. याला मराठीत काय म्हणतात हो?"

"अन्नपुट," यज्ञेश्वर म्हणाला.

"वा!"

त्र्याऐंशी साली, निळ्या शाईने, पक्ष्यांच्या पचनसंस्थेवरच्या नोंदीत हा शब्द त्यानेच लिहिला होता. आता त्याच्या बोटांखाली तो घट्ट, दमट, सरकणारा गोळा होता. मळलेल्या कणकेचा गोळा. दुसरी कोणतीच उपमा त्याला देता येईना, कारण ती सोमवारीच देऊन झाली होती.

"मसाज करून हे जाणार नाही," अवनी सांगत होती. "आत काहीतरी दोरीसारखं लागतंय. उघडून काढावं लागेल. लहान ऑपरेशन आहे. पण ही आठ वर्षांची आहे, तीन दिवस उपाशी आहे, भूल सोसेल की नाही हे मी सांगू शकत नाही. फिफ्टी-फिफ्टी. नाही उघडलं तर दोन दिवस, आणि ते वाईट जातील. किंवा मग तिला शांतपणे झोपवता येईल. तुम्ही ठरवा, मी पाच मिनिटांत येते."

ती बाहेर गेली. यज्ञेश्वरने खिशातून फोन काढला. सुहासिनीला विचारावं. पण सुहासिनी, अर्ध्या-पाऊण हृदयाची सुहासिनी, फोन कानाला लावून स्टुलावर बसणार आणि त्याच्याऐवजी ठरवणार. जसं तिने घर कुठे घ्यायचं ठरवलं, सलिलचं लग्न ठरवलं, डॉक्टर शोधला. सलिलला विचारावं? सलिल म्हणेल, बाबा, इट्स अ हेन. तनया रडेल. त्याने फोन परत खिशात ठेवला, आणि मग पुन्हा काढला. उद्या सांगतो म्हटलं तर चालेल का? उद्यापर्यंत कदाचित आपोआप सरकेल. नैसर्गिकरीत्या अडथळा दूर झाल्याची उदाहरणं असतीलच कुठेतरी, शोधायला हवीत. पोपटी टेबलावर एका कुशीला कलली होती. तिने पापणी वर आणली, आणि या वेळी ती खाली गेली नाही, अर्ध्यावर राहिली, आणि त्या फटीतून ती कुठेही पाहत नव्हती. चार तास काय करत होतात? यज्ञेश्वर दाराशी गेला. बाहेरची सगळी कुत्री आणि त्यांची माणसं त्याच्याकडे बघू लागली. "उघडा," तो म्हणाला, आणि तो आवाज इतका मोठा निघाला की लॅब्राडॉर उठून उभा राहिला.

मदतनीस रजेवर होता, त्यामुळे पंख त्यानेच धरले. नाकावर लहानसा मास्क, पिसं उपटलेली गुलाबी कातडी, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी चीर. त्याने तोंड फिरवायचं ठरवलं होतं, पण फिरवलं नाही. आधी हिरवट, काळा, आंबलेला लगदा निघाला. मग अवनीच्या चिमट्याला काहीतरी लागलं आणि ती ओढू लागली. निघत गेलं, निघत गेलं, वीतभर, हातभर. मळकट पांढरा सुती दोरा, जागोजाग गाठी, आणि गाठींत अडकलेले झेंडूचे कुजलेले देठ. "हे काय खाल्लं हिने?" अवनीने विचारलं.

"हार," यज्ञेश्वर म्हणाला.

देवाचा हार. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. पूजा सुहासिनी करायची. गेल्या चौदा महिन्यांत ती तिला झेपेना, म्हणून यज्ञेश्वर करू लागला. अथर्वशीर्ष त्याला पाठ होतं, उपचारांचा क्रम पाठ होता. रोज सकाळी कालचा हार उतरवून तो श्रद्धेने पेरूखाली ठेवत होता. पण सुहासिनी त्याआधी दोरा ओढून काढत असे, बोटाला गुंडाळून वेगळा टाकत असे. आता, चिमट्याला लोंबणारा दोरा पाहताना, ती हालचाल त्याला स्पष्ट दिसली, डाव्या तर्जनीला गोल गोल. पन्नास वर्षं त्याच्या समोर रोज होत होती. हेही त्याने पाहिलं नव्हतं.

पोपटी भुलीतून उठली. मान डुगडुगत होती, पण उठली. आजची रात्र काढली तर जगेल, अवनी म्हणाली, दर तासाला ड्रॉपरने साखरपाणी द्या, आणि अंगावर ऊब ठेवा. यज्ञेश्वर घरी पोचला तेव्हा तीन वाजले होते. द्वारकेने टोपली हातातून घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवली, फडकं काढलं, टाक्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिवलीय झकास. गोधडीवानी."

"कणकेचा गोळाच होता, द्वारकाबाई," यज्ञेश्वर म्हणाला.

"आसू द्या. पुस्तकवाल्यानं कधी कनीक मळलीय?"

सुहासिनी पलंगावरून उठून हळूहळू आली. टोपलीशेजारी भिंतीला हात लावून उभी राहिली. यज्ञेश्वर खाली बसून ड्रॉपर भरत होता. मान वर न करताच त्याने सगळं सांगितलं, दोरा, गाठी, झेंडूचे देठ.

"अहो, दोरा काढायचा असतो. एवढंही तुम्हाला—" ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "मी तरी कुठे सांगितलं म्हणा." तिच्या बोलण्यात दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास होता, आणि खाली बसलेल्या यज्ञेश्वरच्या डोळ्यांसमोर, टोपलीच्या पलीकडे, तिची पावलं होती.

ती अनवाणी होती. तरीही पावलांवरून चपलेचा पट्टा गेलेला दिसत होता. खोल, तांबडा, पाठीवर दोरीचा वळ उठावा तसा. घोटा दिसत नव्हता. पोटरी सरळ पावलात उतरली होती. यज्ञेश्वरने ड्रॉपर खाली ठेवला. हात पुढे केला आणि अंगठा तिच्या नडगीवर टेकवून दाबला.

"अहो! काय हे, पायाला काय हात लावताय? द्वारका आहे इथे."

"म्या दूध बघते," द्वारका म्हणाली आणि पाठ फिरवून ओट्याकडे वळली, जिथे दूध वगैरे काही नव्हतं.

त्याने अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. त्याच्या अंगठ्याच्या आकाराचा, पांढुरका, एखाद्या ओल्या मातीच्या भांड्यावर उमटावा तसा. तो बघत राहिला. भरून येईना.

"केव्हापासून?"

"थोडी सूज रविवारपासून. आज चपला होईनात, एवढंच."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पुस्तक काढलं असतं," सुहासिनी म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती नुसतं खरं सांगत होती. मग तिने आवाज उतरवला. "आज राहू द्या. उद्या सकाळी बघू. हिचं आत्ता कुठे मार्गी लागतंय. आणि सलिलला कळवू नका हं. कळलं की शनिवारी ट्रक घेऊन दारात उभा राहील तो."

राहीलच. यज्ञेश्वरला ते दिसत होतं. अकरावा मजला, खिडकीला जाळी, पायाखाली कुठेही माती नाही. उघड्या दारातून पेरूचं झाड दिसत होतं, त्याखालची उकरलेली जागा. आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात कारणं येऊ लागली. फार वेळ उभं राहणं. जेवणातलं मीठ. गोळी बदलल्याचा परिणाम. वय. ओळखीची कारणं, एकाखाली एक नीट लावलेली, आणि प्रत्येकात उद्या सकाळपर्यंतची सवड होती. सोमवारपासून वजनाचा काटा त्याने पलंगाखालून काढला नव्हता. अंगात पाणी साठू लागलं तर ते आधी वजनात कळतं, म्हणून रोज सकाळी तिचं वजन घ्यायला डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तीन दिवस तो पाण्यात कोपर बुडवत बसला होता. त्याच्या हाताला अजून दवाखान्याचा वास येत होता. त्याने पुन्हा तिच्या नडगीकडे पाहिलं. खड्डा अजून होता.

"द्वारकाबाई," तो उठत म्हणाला. गुडघे कुरकुरले. "तासातासाने एक ड्रॉपर, चोचीच्या कडेने. तुम्हाला येईल."

"येईल की. तुमी कुठं निघालाय?"

त्याने उत्तर दिलं नाही. फोन लावला. पलीकडे सलिलच्या ऑफिसातला कालवा ऐकू आला.

"सलिल, आईचे पाय सुजलेत. घोटे दिसत नाहीत. अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि राहतो. बोलताना दम लागतोय. मी तिला इस्पितळात घेऊन निघतोय. तू तिकडेच ये."

"अहो, नको म्हटलं ना मी," सुहासिनी म्हणाली, आणि ते म्हणता म्हणता स्टुलावर बसली.

"केव्हापासून, बाबा?"

"रविवारपासून. मला आज दिसलं."

फोनमध्ये क्षणभर काहीच नव्हतं. यज्ञेश्वर त्या शांततेत उभा राहिला. तिच्यात काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तो तिच्यातून बाहेर पडायची घाई करत नव्हता. सुहासिनीला तिच्या चपला होत नव्हत्या, म्हणून त्याने आपल्या चपला पायाने सरकवत स्टुलापाशी आणल्या, वाकून एका हाताने तिचं एक पाऊल उचललं आणि चपलेत ठेवलं.

"पण बाबा, झालं कशामुळे हे?"

"ते मला माहीत नाही," यज्ञेश्वर म्हणाला, आणि दुसरं पाऊल उचललं.